मांडुळाची खोली

खालच्या मजल्यावर शहरबानूकडे वाटीभर चिंच द्यायला गेले होते. परत येऊन बघते तर ताहिराचा पलंग बाल्कनीत. लहान मुलांचा, लोखंडी, घडीचा पलंग, आखातातल्या ह्या अबू हलीफाच्या भाजून काढणाऱ्या उन्हात भिंतीला टेकवून उभा केलेला. गादी गुंडाळून त्याच्याच पायाशी. आणि आत खोलीत, खिडकीखाली जिथं तो पलंग मी अंथरूण घालून तयार ठेवला होता, तिथं आता टेबल, टेबलावर काचेची पेटी, पेटीत वाळू, आणि वाळूतून वर आलेलं अंगठ्याएवढं जाड, पिवळट काहीतरी. "काय हाय ते?" मी विचारलं. "साप," नवरा म्हणाला. कलिंगड आणलंय असं सांगावं, तसं सांगितलं. "लॉटन साहेबांचा. साहेब रजेवर चाललेत विलायतेला. परत येईस्तवर आपल्याकडं राहील." बोलायला तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं ते अल्लालाच ठाऊक. मी बाल्कनीत गेले, पलंगाला हात लावला, तर चटका बसला.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. तोंडावर मी घेत नाहीच, "अवो" म्हणते. पण मनात कुणाचा पहारा आहे? मनात मी त्याला नूरुद्दीन म्हणते, राग आला की नुऱ्या म्हणते, आणि त्या दिवशी तो मनात दिवसभर नुऱ्याच होता. हा नूरुद्दीन मीना अल-अहमदी बंदरावर तेलकंपनीच्या स्टोअरमध्ये हेडक्लार्क. लॉटन साहेब त्याचा वरचा. साहेबानं काही सांगितलं की ह्याची मान आधी हलते, मग कान ऐकतात. समजलं नसलं तरी "समजलं नाही" म्हणायची पद्धत नाही, यस सर म्हणायचं आणि घरी येऊन डोकं खाजवायचं. साहेबानं साप कसा ठेवायचा, काय द्यायचं, सगळं उभ्या उभ्या सांगितलं म्हणे. "काय सांगितलं?" मी विचारलं. "हेच, नीट सांभाळा म्हणाले." एवढा लांबलचक साहेब, अर्धा तास बोलला, आणि त्यातलं घरापर्यंत काय आलं, तर नीट सांभाळा! वा रे वा. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, ते निदान घोडं तरी असतं.

आता ऐका, मला आग कशाची लागली ते. सापाची नव्हे. ताहिरा आमची मुलगी, सात वर्षांची, गावी दाभोळच्या खाडीकाठी सासूबाईंकडे. मी इथं येऊन दुसरा उन्हाळा. येताना ठरलं होतं, आधी मी जायचं, घर लावायचं, मग पोरीला आणायचं. घर लावलं. पलंग आणला, चादर शिवली, चादरीला लाल काठ लावला. मग नूरुद्दीन म्हणायला लागला, "जागा कुठाय? दोन तर खोल्या. एक आपली, एक माणसांची. शुक्रवारी चार माणसं येतात, त्यांना काय जिन्यात बसवायचं?" मी म्हटलं, माणसं दुपारी येतात, पोर रात्री झोपेल. तर म्हणे, "इथली गरमी तिला सोसायची नाय." मी म्हटलं, त्या खोलीला एअरकंडिशन आहे. तर म्हणे, "मग माणसांनी कुठं बसायचं?" असं ते गोल गोल, घाण्याच्या बैलासारखं. आणि आता त्याच खोलीत, त्याच एअरकंडिशनच्या खाली, साहेबाचा साप! जागा निघाली. खिडकीखालची, थंड हवेची, घरातली सगळ्यात चांगली जागा. पोटच्या पोरीला न मिळालेली जागा सरपटणाऱ्या जनावराला एका दुपारी मिळाली. मी पोरीची सापाशी तुलना करते म्हणून कुणी मला तोबा करायला सांगू नये. तुलना मी केली नाही. ज्यानं पलंग बाहेर काढला त्यानं केली.

दुसऱ्या दिवशी नूरुद्दीननं पेटी साफ केली. कोकणातला माणूस, पाहुण्याचं अंथरूण मळकं कसं ठेवील? "साहेबांचं जनावर मातीत लोळतंय, बरं दिसतं काय?" म्हणून वाळू सगळी बादलीत काढली, मागच्या मोकळ्या जागेत फेकून आला. काच धुतली, पुसली, अत्तराचा हात तेवढा लावायचा राहिला. तळाशी हिरवी मखमल अंथरली, सूकमधून, इथल्या बाजारातून, खास आणलेली, माझ्या ईदच्या ओढणीला नाही आणली कधी असली. वर ट्यूबलाइट. आणि एअरकंडिशन दिवसरात्र चालू, कारण बिचाऱ्याला गरमी सोसायची नाही. मी दारात उभी राहून बघत होते. त्या हिरव्या मखमलीवर ते जनावर पहिल्यांदा पुरं दिसलं आणि मला ओळख पटली. आखूड, गुळगुळीत, डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं ते चटकन कळू नये असं. अगो बाई, हे तर मांडूळ! आमच्या तांबड्या मातीतलं नव्हे, इथल्या रेतीतलं, पण जात तीच. फक्त डोळे डोक्याच्या माथ्यावर, वाळूत बुडून वर बघता यावं असे. साहेबाला हे इथंच पाइपलाइनजवळ सापडलं होतं म्हणे. म्हणजे ह्याच मुलखाचं जनावर, आणि आमच्या नूरुद्दीनला काळजी, की त्याला गरमी लागेल.

मांडूळ मला नवं नव्हतं. बापाच्या घरामागं शेणकीचा ढीग होता, त्याच्या कडेच्या भुसभुशीत मातीत एक राहायचं. आम्ही पोरं काटकीनं उकरायचो तेव्हा आजा ओरडायचा, "ठेवा ती काटकी! ते तुमच्या घरात आलंय काय? ते आपल्या जागी हाय." लोक म्हणायचे त्याला दोन तोंडं, सहा महिने ह्या तोंडानं चालतं, सहा महिने त्या. आजा म्हणायचा, "तोंड एकच. तुम्ही सतावता म्हणून ते तोंड लपवतं आणि शेपटी पुढं करतं." आजा काही शिकलेला नव्हता, त्याला नुसतं जनावराला छळलेलं खपायचं नाही, एवढंच. मला ते वाक्य त्या दारात उभी असताना आठवलं आणि त्याच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आठवलं. ते मी तेव्हा मागं ढकललं. पण ढकललेलं कुठं जातं?

शुक्रवारी माणसं आली. महबूब आणि हारून, दोघेही रत्नागिरीकडचे, नूरुद्दीनच्याच कंपनीतले. बिर्याणी खाल्ली आणि सगळे पेटीभोवती. महबूबनं काचेवर टिचक्या मारल्या. हारून म्हणाला, "तोंड कुठचं रे ह्याचं?" नूरुद्दीन म्हणाला, "हे काय, हे!" आणि शेपटीपुढं पापलेटचा तुकडा ठेवला. पापलेट! काटा काढून, हळद मीठ न लावता, कोवळा मधला तुकडा. "घे रे बाबा, घे," असा आग्रह, जसा वाढपी जेवणावळीत करतो. जनावर कोपऱ्यात वेटोळं करून, डोकं वेटोळ्याच्या खाली. "लाजतंय," महबूब म्हणाला, आणि पुन्हा टिचकी. तिघं हसले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मला वाटलं, तो ट्रे त्या तिघांच्या डोक्यावर एकेक करून ठेवावा. हसतात कशाला? लपायला जागा ठेवली नाही, अंगाखाली माती ठेवली नाही, गारठ्यात बसवलं, डोळ्यावर दिवा लावला, आणि वर म्हणायचं लाजतंय! ट्रेमधले कप किणकिणले. नूरुद्दीन म्हणाला, "सांभाळून गो." त्याला वाटलं मी सापाला घाबरले.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी कामावरून आला की बूट काढायच्या आधी विचारायचा, "खाल्लं काय त्यानं?" नाही. "हललं काय?" कोपऱ्यात नाक घासतं. ते खरंच दिवसभर काचेच्या कोपऱ्यात नाक खुपसत राही, खाली जायला वाट शोधत, मखमल वर सरके, खाली पुन्हा काच. नाकाचं टोक सोलून निघालं. मग ते घासणंही थांबलं. डोळ्यांवर निळसर दुधाळ पडदा आला, अंग फिकट, कोरडं दिसू लागलं. नूरुद्दीनची झोप उडाली. "मेलं तर साहेबांना काय तोंड दाखवू?" म्हणायचा. ऑफिसातली फूटपट्टी आणली आणि जिवंत आहे का बघायला दिवसातून दहादा ढोसायचा. फूटपट्टी लागली की ते जनावर आणखी आखडायचं, आणि हा म्हणायचा, "हाय, हाय, जिवंत हाय," आणि अल्लाचे आभार मानायचा.

त्याच दिवसांत कासम आला. आमच्या गावचा, बोटीवर खलाशी, बोट शुवैख बंदराला लागली की एखादी फेरी आमच्याकडे मारायचा. कोकमाची सोलं आणली होती, सुके जवळे आणले होते. चहा घेता घेता तो म्हणाला, "भाबी, रागवू नका, पण ताहिराचं काय खरं नाय. माणसांच्या समोर जेवतच नाय. कोण आला की पलंगाखाली. दादी हात धरून ओढून काढते, चार माणसांच्या समोर बसवते, खा म्हणते. ती तोंड मिटून बसते. आता पोरं तिला येडी म्हणायला लागलीत." मी नूरुद्दीनकडे बघितलं. तो पेटीकडे बघत होता. म्हणाला, "पोरं नाटकं करतात. होईल बरी. आम्ही काय कमी नाटकं केली?" आणि लगेच, श्वाससुद्धा न घेता, "कासम, तू बोटीवर फिरतोस, तुला ठाऊक असंल. हा साप खात का नाय रे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, कारण मला ओरडायचं होतं आणि परक्या माणसासमोर ओरडायचं नव्हतं. पाणी गरम येत होतं, इथं उन्हाळ्यात नळाला गरमच येतं, आणि त्या गरम पाण्यात हात धरून मी उभी राहिले. मागं ढकललेलं ते सगळं पुढं आलं. निघायचा दिवस. दारात सामान, बाहेर बैलगाडी, सगळे घाई करतायत, आणि ताहिरा सापडत नाही. मला ठाऊक होतं कुठं असेल. मोठ्या पलंगाखाली, अगदी भिंतीशी. मी जमिनीवर आडवी झाले, हात आत घातला. काळोखात तिचं काही दिसत नव्हतं, एक टाच तेवढी. तिनं माझं बोट पकडलं. घट्ट. रडत नव्हती, बोलत नव्हती, आणि मला वाटलं आणखी थोडा वेळ मिळाला तर ही आपणहून येईल. मी म्हटलं, "थांबा जरा, राहू दे तिला." पण सासूबाईंनी दुसऱ्या बाजूनं तिचा पाय धरला आणि ओढली. फरशीवर गुडघा सोलला. पोर सगळ्यांच्या पुढ्यात उभी, केसांत जळमटं, आणि सगळे म्हणाले, "बघ, कशी लाजते!" कोण लाजतं रे? कुणाला म्हणता लाजतं? जिला एक काळोखा कोपरा पाहिजे होता, तिला तुम्ही उजेडात ओढता आणि खा म्हणता, हस म्हणता, सलाम कर म्हणता. आणि ती मिटून घेते तेव्हा नाटक! सापानं मिटून घेतलं तर मात्र दहा जणांना विचारायचं, का खात नाही, का हलत नाही, काय सलतंय बिचाऱ्याला. एकदा तरी, एकदा तरी कुणी माझ्या पोरीबद्दल विचारलं, तिला काय सलतंय?

दुसऱ्या दिवशी नूरुद्दीन कामावर गेला आणि मी पहिल्यांदा एअरकंडिशन बंद केला. खोली एकदम इतकी शांत झाली की मला माझा श्वास ऐकू आला. ओढणी डोक्याला घट्ट बांधली, तांदळाचा रिकामा डबा घेतला आणि मागच्या मोकळ्या जागेतून वाळू आणली. डब्यामागून डबा, जिने चढून. शहरबानूनं दारातून बघितलं आणि विचारलं, घरात मशीद बांधतेस काय? मी म्हटलं, खोली बांधते. वाळू चाळणीनं चाळली, काच कचरा काढला. भीती वाटली का? वाटली. चिमट्यानं मखमलीचे दोन्ही काठ धरून जनावर मखमलीसकट बादलीत उतरवताना माझ्या पाठीतून घाम चालला होता. पण राग भीतीपेक्षा वजनदार असतो, तो खाली दाबून ठेवतो. पेटीत वीतभर वाळू भरली. फुटक्या माठाचं एक खापर पालथं घातलं. तीन बाजूंनी काचेला गोणपाट बांधलं. पेटी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नेली, जिथं दुपारी भिंत एका अंगाला तापते आणि दुसऱ्या अंगाला सावली राहते. मग जनावर आत सोडलं. ते क्षणभर पडून राहिलं. मग नाकानं वाळू चाचपली, आणि बघता बघता आत गेलं. कसलाही आवाज नाही. वाळू थोडी हलली, आणि पुन्हा सपाट. मी तिथंच जमिनीवर बसले आणि मला हुंदका आला. सापासाठी कोण रडतं? मी सापासाठी रडत नव्हते.

संध्याकाळी जे व्हायचं ते झालं. "पेटी कुठाय? साप कुठाय? अगो, तू साहेबांच्या जनावराला मातीत गाडलंस?" मी म्हटलं, "ते मातीतलंच हाय." "गुदमरून मरंल!" "इतकी वर्षं नाय मेलं." तो फूटपट्टी घेऊन आला, वाळू उकरायला. मी त्याचं मनगट धरलं. लग्नापासून मी कधी त्याचा हात असा धरला नव्हता. त्यालाही नवल वाटलं असावं, कारण त्यानं तो सोडवला नाही. "उकरायचं नाय," मी म्हटलं. "काठी लावायची नाय, काच वाजवायची नाय, बघायला माणसं आणायची नाय. त्याला वाटेल तेव्हा येईल." "आणि मेलं तर?" "मेलं तर साहेबाला सांगा, माझ्या बायकोनं मारलं." हे ऐकून त्याचा चेहरा जरा सैल झाला. साहेबापुढं नाव घ्यायला दुसरं कुणीतरी मिळालं होतं ना! तोंड फिरवून गेला आणि मखमलीची घडी घालून कपाटात ठेवली.

वाट बघितली. रोज झाडू मारताना बघायची, वाळू सपाट. नूरुद्दीन दारातूनच भुवया उडवायचा, मी मान हलवायची, नाही. एका सकाळी खापराच्या कडेला पातळ, कोरडं, उलटं सुटलेलं काहीतरी दिसलं. कात. डोळ्यांवरच्या झापडांसकट अख्खी. म्हणजे ते निळं दूध आजार नव्हतंच, जनावर अंगाचं जुनं सोडायला बघत होतं, आणि हा त्याला फूटपट्टीनं ढोसत होता! त्या दिवशी दिवस बुडून मगरीबची नमाज झाल्यावर मी ओट्यामागची एक पाल केरसुणीनं पाडली, चिमट्यात धरून पेटीत सोडली आणि दिवा मालवून दारात बसले. बाहेरच्या खोलीतला उजेड तेवढा येत होता. पाल खापरावर चढली, उतरली. वाळूतून दोन डोळे वर आले, काळेभोर, लख्ख. नुसते डोळे. आणि मग एकदम सगळंच. झालं. मांडुळानं पाल वेटोळ्यात आवळली, सावकाश गिळली आणि पुन्हा वाळूखाली गेलं. मला सांगा, यात अवघड काय होतं? ऊब, काळोख, अंगाखाली माती, आणि हात न लावणारी माणसं. एवढंच मागत होतं ते.

नूरुद्दीनला सांगितलं तर मला मिठी मारायचा तेवढा राहिला. शुक्रवारी महबूब आणि हारूनला सांगत होता, "सापाला असंच ठेवावं लागतं. त्याची तब्येत समजायला लागते." समजायला लागते! मी ट्रे घेऊन पुन्हा दारात उभी. कप वाजले नाहीत. मी ठरवून टाकलं होतं.

साहेब परत आला, उन्हानं लाल, हातात टोपी. स्वयंपाकघरात वाकून बसला, गोणपाट बाजूला करून बराच वेळ बघत राहिला, काचेला बोट न लावता. मग नूरुद्दीनला काहीतरी म्हणाला. "यस सर, यस सर." साहेब पेटी गाडीत घालून घेऊन गेला आणि नूरुद्दीन फुगून वर आला. "साहेब काय म्हणाले ठाऊक हाय? म्हणाले, हे जनावर भित्रं हाय. त्याला ऊब द्यायची, काळोख द्यायचा आणि एकटं सोडायचं. बहुतेकांना एवढं पण जमत नाय, तुम्हाला जमलं. मी म्हटलं, यस सर!" मग खोलीत गेला, खिडकीखालच्या मोकळ्या जागेकडे कमरेवर हात ठेवून बघत म्हणाला, "आता मोकळी झाली खोली. हारून सांगत होता, सोफासेट मिळतोय एक, चांगला."

मी बाल्कनीत गेले आणि पलंग उचलला. जड होता, गंजलेले पाय फरशीवर खरखरले, दारात अडकला. "हे काय?" तो म्हणाला. "ताहिराचा पलंग." "अगो, पण जागा..." "जागा हाय. सापाला होती, पोरीलाही हाय. आणि गरमीचं नाव काढू नका, ऐन उन्हाळ्यात तुम्ही त्या रेतीतल्या किड्याला गारठवून मारत होतात." तो हळू आवाजात, पहिल्यांदाच खरं बोलला. "सुगरा, ती पोर विचित्र झालीय. कासमनं सांगितलं ते मी ऐकलं नाय असं वाटतं तुला? इथं माणसं येतात. ती पलंगाखाली जाऊन बसली, तर मी लोकांना काय सांगू?" म्हणजे हे होतं तर. जागा नाही, गरमी नाही, सोफा नाही. लोकांना काय सांगू. माझा आवाज चढला आणि मी तो चढू दिला. "जे साहेबानं सांगितलं तेच! भित्री हाय, तिला ऊब द्यायची, काळोख द्यायचा आणि एकटं सोडायचं. साहेबानं म्हटलं तर यस सर. मग मी म्हणते तेव्हा काय धाड भरते? ती बसेल पलंगाखाली. बसू दे. आठवडा बसू दे. तिला कोणी ओढायचं नाय, कोणी खा म्हणायचं नाय, कोणी हसायचं नाय. आणि कासमबरोबर धाडा असं पण नाय. तुम्ही जायचं, तुम्ही आणायची. उद्या कफीलाकडं जाऊन पोरीच्या व्हिसाच्या कागदाचं बोला."

समुद्रावरून ओलसर वारा येत होता आणि दारात अडकलेल्या पलंगाचं एक टोक मी धरून होते. मग नूरुद्दीन वाकला आणि दुसरं टोक धरलं. "पाय गंजलेत ह्याचे," म्हणाला. "घासून रंग मारायला पाहिजे. पोरीच्या गुडघ्याला लागंल." आम्ही पलंग खिडकीखाली लावला. गादी झटकली. मी कपाट उघडलं, लाल काठाची चादर बाजूला सारली, ती पलंगापुरतीच होती, आखूड. आमची मोठी चादर काढली आणि अंथरली, चारही बाजूंनी जमिनीला टेकेल अशी.